दुर्मीळ फळझाडांच्या रोपांसोबत खरी चिठ्ठी मिळावी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या दैनिकाच्या पुरवणीत परसबागेत लावता येणाऱ्या विदेशी फळझाडांविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, तो मी दोनदा वाचला. गेली वीसएक वर्षे कोल्हापुरात अशी झाडे लावणारा, त्यातील काही जगवलेला आणि बरीच गमावलेला एक माणूस म्हणून त्या लेखात राहून गेलेल्या एका गोष्टीकडे आपले आणि वाचकांचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे. रोप कोणत्या जातीचे आहे, ते बियांपासून केले आहे की कलम आहे, कलम असेल तर कोणत्या खुंटावर, म्हणजे मुळांकडच्या रोपावर, बांधले आहे आणि त्यावर जोडलेली काडी कोणत्या झाडावरून घेतली आहे, ही माहिती रोपासोबत लेखी मिळाली पाहिजे. आज ती बहुतेक ठिकाणी मिळत नाही आणि त्याची किंमत ग्राहकाला पैशांत कमी, पण आयुष्यातील वर्षांत फार मोठी मोजावी लागते.

२०१४ च्या जूनमध्ये, मृगाचे दोन चांगले पाऊस होऊन गेल्यावर, एका प्रदर्शनातून मी मँगोस्टीनचे एक कलम बाराशे रुपयांना आणले. दीड फुटाचे रोप, काळी पिशवी, बुंध्याशी गुंडाळलेली प्लॅस्टिकची पट्टी आणि सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा एक तुकडा. त्यावर निळ्या शाईने ‘मँगोस्टीन, कलमी’ एवढे दोनच शब्द लिहिलेले होते. चार वर्षांत फळ मिळेल, असे विक्रेत्याने सांगितले. कळंब्याकडील आमच्या घरामागची जमीन चिकट काळी असल्याने मी तीन फूट लांबी-रुंदी-खोलीचा खड्डा घेऊन ती माती काढून टाकली, त्यात पन्हाळ्याच्या बाजूची तांबडी माती, पालापाचोळ्याचे खत आणि थोडी वाळू भरली आणि वर दीड फुटाचा उंचवटा केला. मँगोस्टीनला लहानपणी कडक ऊन सोसत नाही म्हणून पश्चिमेच्या बाजूला केळी लावल्या, चैत्र-वैशाखात वरून शेडनेट बांधले, बुंध्याशी उसाच्या पाचटाचा वीतभर थर दिला. बोअरचे पाणी क्षाराचे, म्हणून गच्चीवरचे पावसाचे पाणी टाकीत साठवून ते फेब्रुवारीपासून या एका झाडासाठी पुरवून पुरवून वापरले. माझी पत्नी उन्हाळ्यात माहेरी जायचे दिवससुद्धा या झाडाच्या पाण्याच्या हिशेबाने ठरवीत असे.

चार वर्षांत फळ आले नाही, याचे मला वाईट वाटले नाही, कारण मँगोस्टीन हे अतिशय सावकाश वाढणारे झाड आहे आणि त्याला फळ यायला सात ते दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो, हे तोवर मी वाचले होते. नवव्या वर्षी, २०२३ च्या उन्हाळ्यात, झाडाला फुले आली आणि पावसाळ्यात वीस-बावीस फळे धरली. ऑगस्ट संपता संपता ती रंगू लागली, तेव्हा जांभळी होण्याऐवजी दिवसेंदिवस पिवळी होत गेली. खऱ्या मँगोस्टीनच्या फळाचे खालचे टोक चपटे असते आणि त्यावर फुलासारखी एक उठावाची खूण असते. त्या खुणेच्या जितक्या पाकळ्या, तितक्याच पांढऱ्या फोडी आत निघतात. माझ्या हातातील फळाला खाली किंचित वाकडी चोच होती. ते कापल्यावर सुरीला पिवळा चीक चिकटला, गरही पिवळाच निघाला आणि एक फोड तोंडात घालताच दात आंबले. पत्नीने ती अर्धी फोड काही न बोलता ताटलीत परत ठेवली.

पाने आणि फळे घेऊन मी वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी पान उलटसुलट करून पाहिले आणि हे झाड गार्सिनिया झँथोकायमस असल्याचे सांगितले. हे कोकमाच्या आणि मँगोस्टीनच्या कुळातीलच आपल्याकडच्या जंगलांत आढळणारे झाड असून ते खुंट म्हणून वापरले जाते. एकतर कलमाच्या सांध्यावरची मँगोस्टीनची काडी कधीतरी वाळली असावी आणि सांध्याखालून फुटलेला खुंटाचा फुटवाच झाड म्हणून वाढला असावा, नाहीतर ते रोप मुळात मँगोस्टीनचे नव्हतेच. यांपैकी काय घडले ते आता सांगता येणार नाही. पुठ्ठ्यावर खुंटाचे नाव असते आणि सांध्याखालचे फुटवे खुडत राहा, एवढी एक ओळ असती, तर तिसऱ्या-चौथ्या वर्षीच मी पाने ताडून पाहिली असती. खुंटाची पाने मँगोस्टीनपेक्षा बरीच लांबट असतात. पण शेजारी ठेवायला खऱ्या मँगोस्टीनचे पान नसेल तर हौशी माणसाला ते कळत नाही.

मी हे रोप आणले तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होतो. मेथी उगवली नाही तर आठ दिवसांत कळते, वांग्याचे बी चुकीचे निघाले तर एक हंगाम जातो. फळझाडाच्या बाबतीत चूक कळेपर्यंत लावणाऱ्याचा उमेदीचा काळ निघून गेलेला असतो आणि विकणारा तोवर कुठे असतो हेही ठाऊक नसते. म्हणूनच या रोपांच्या विक्रीत माहितीचे मोल रोपाच्या किमतीपेक्षा अधिक आहे, असे मला मनापासून वाटते.

शिवाय प्रत्येक फळाला लागणारी माहिती वेगळी आहे. मँगोस्टीनचे बी परागीभवनावाचून तयार होते, त्यामुळे बियांपासूनचे रोप हे आईचीच प्रतिकृती असते. त्याला उशीर लागतो, पण जातीची फसगत होत नाही. तेव्हा मँगोस्टीनच्या ‘सुधारित’ जातींची कलमे म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत. रामबुतान या लिचीसारख्या फळाचे याच्या अगदी उलट आहे. त्याच्या बियांपासून उगवलेल्या रोपांत जवळपास निम्मी झाडे नर निघू शकतात. राजारामपुरीतील माझ्या एका स्नेह्यांकडे असे एक झाड आहे. सलग तीन वर्षे त्याला भरघोस मोहर आला, त्यावर मधमाश्या घोंगावल्या आणि एकही फळ धरले नाही. चौथ्या वर्षी भिंगातून फुले पाहिली, तेव्हा ती सगळी नर असल्याचे उघड झाले. रामबुतान घ्यायचे तर डोळा भरलेले किंवा कलम केलेलेच घ्यावे. कोडगू जिल्ह्यातील चेट्टळ्ळी येथे भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे केंद्र आहे आणि तेथून ‘अर्का कूर्ग अरुण’ ही लाल व ‘अर्का कूर्ग पीताभ’ ही पिवळी अशा रामबुतानच्या दोन जाती प्रसारित झालेल्या आहेत. जातीचे नाव, कलमाचा प्रकार आणि काडीचे मूळ झाड या तीन गोष्टी रामबुतानच्या चिठ्ठीवर नसतील तर ते रोप न घेतलेले बरे.

कोकणातील माणसाला हे नवीन नाही. कोकमाची बियांपासूनची रोपेही नर आणि मादी अशी मिसळ निघतात, म्हणूनच दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने मृदकाष्ठ कलमाचा, म्हणजे कोवळ्या खोडावर काडी बांधण्याचा, मार्ग रूढ केला आणि ‘कोकण अमृता’सारखी जात नावानिशी लोकांच्या हाती दिली. कोकमाच्या आडव्या फांदीची काडी वापरली तर झाड पसरट वाढते आणि शेंड्याची वापरली तर सरळ जाते, इतका बारकावा तिथला कलम बांधणारा सांगतो. हीच शिस्त मँगोस्टीन, रामबुतान आणि अव्हाकाडोला का लागू नये?

अव्हाकाडोविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण अलीकडे कोल्हापुरात सर्वाधिक मागणी त्यालाच आहे. बाजारात मिळणारे खडबडीत सालीचे हास जातीचे फळ खाऊन त्याची आठोळी पेल्यात रुजवणारे पुष्कळ आहेत. हे रोप वाढते, देखणे दिसते; परंतु त्याला सात-आठ किंवा अधिक वर्षांनी येणारे फळ मूळ फळासारखे असेल याची खात्री नाही. हास ही कॅलिफोर्नियातील जात असून तिचे पेटंट १९३५ चे आहे. तिला आपल्या एप्रिल-मेमधील ३८ अंशांच्या पुढची कोरडी झळ मानवत नाही. उष्ण प्रदेशाला वेस्ट इंडियन वंशाच्या जाती अधिक योग्य असतात. त्यातही अव्हाकाडोची फुले दोन गटांची असतात: एका गटाची फुले सकाळी मादी अवस्थेत उघडतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर अवस्थेत, दुसऱ्या गटाची दुपारी मादी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर. दोन्ही गटांची झाडे जवळपास असली तर फळधारणा चांगली होते. आपण घेतलेले रोप ‘ए’ गटातील की ‘बी’ गटातील, हे एका अक्षराचे काम आहे, आणि तेवढे एक अक्षर मी आजवर इथल्या एकाही रोपावर लिहिलेले पाहिलेले नाही.

अव्हाकाडोच्या मुळांना साचलेले पाणी मुळीच चालत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पंचगंगेच्या पूररेषेजवळ राहणाऱ्या माझ्या मेहुण्यांच्या बागेत २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात कित्येक दिवस पाणी उभे होते. पाणी ओसरल्यावर नारळ, चिकू आणि पेरू तगले, पण सहा वर्षांचे अव्हाकाडो पंधरा दिवसांत शेंड्याकडून खाली वाळत आले. उपटून पाहिले तेव्हा बारीक मुळ्या काळ्या पडून हाताने सुटून येत होत्या. फायटोफ्थोरा या रोगकारकामुळे होणारी ही मूळकूज जगभर अव्हाकाडोचा सर्वांत मोठा शत्रू मानली जाते. आपल्या नदीकाठच्या चिकट काळ्या जमिनीत महापूर नसला तरी प्रत्येक श्रावणात हा धोका असतो, म्हणून झाड उंचवट्यावरच लावावे, हे विकणाऱ्याने सांगायला हवे.

कोल्हापूरचे हवामान या झाडांना थोडे फसवे आहे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्याने हिवाळा सुसह्य असतो, पावसाळा दमट असतो, त्यामुळे जून ते डिसेंबर सगळेच विदेशी रोप टवटवीत दिसते आणि आपल्याला वाटते की जमले. शहरात सरासरी १००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पश्चिमेला पंचावन्न किलोमीटरवरच्या गगनबावड्यात त्याच्या कितीतरी पट पडतो आणि हवेतील ओलावाही अधिक काळ टिकतो. त्यामुळे एकाच जिल्ह्यात गगनबावड्याला सहज येणारे झाड शिरोळकडे जगेलच असे नाही. फेब्रुवारी ते मे हा खरा परीक्षेचा काळ. या चार महिन्यांत सावली, आच्छादन आणि गोडे पाणी ज्याला देता येईल त्यानेच मँगोस्टीनच्या वाटेला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. डुरियन तर घरगुती बागेसाठी नकोच. त्याचे झाड प्रचंड वाढते आणि निलगिरीच्या उतारावरील बर्लियारसारखी बारमाही ओल आपल्याकडे नाही.

पाण्यातील क्षारांची गोष्ट माझ्या जाबुटिकाबाने मला शिकवली. ब्राझीलमधील या झाडाला फळे थेट खोडावर लागतात. त्याला आम्लधर्मी माती लागते. दुसऱ्या वर्षी त्याची कोवळी पाने पिवळी पडली. शिरा मात्र हिरव्याच राहिल्या. मी आधी हिराकस घातले, काही उपयोग झाला नाही, कारण चुनखडीच्या मातीत हिराकसमधील लोह लगेच बांधले जाते आणि मुळांना मिळत नाही. मग ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह, म्हणजे चुनखडीतही मुळांना मिळत राहणारे लोह, थोड्या थोड्या प्रमाणात दिले, बोअरचे पाणी पूर्ण बंद करून पावसाचे साठवलेले पाणी सुरू केले आणि दोन महिन्यांत नवी पालवी हिरवीगार आली. पश्चिम आफ्रिकेतील मिरॅकल फ्रूट, ज्याचे लाल फळ चघळल्यावर काही काळ लिंबूसुद्धा गोड लागते, तेही याच कारणाने इथल्या जमिनीत खुरटते; त्याला मोठ्या कुंडीत कोकोपीट आणि पानांचे खत देऊन ठेवले तर ते चांगले येते.

त्या जाबुटिकाबाचा उल्लेख मी आणखी एका कारणासाठी केला. ते रोप कोकणातील एका लहानशा रोपवाटिकेतून आले होते आणि तेथील गृहस्थांनी वहीचा अर्धा कागद फाडून त्यावर स्वतःच्या हाताने सगळे लिहून दिले होते: लहान पानांचे, बियांपासूनचे, बी अमुक महिन्यात पेरले, आईझाड आमच्याच आवारात, फळ आठ ते बारा वर्षांनी, त्याआधी मागू नये. किंमत दोनशे रुपये. तो कागद मी आजही डायरीत जपून ठेवला आहे. अकराव्या वर्षी, माघ महिन्यात, खोडावर पांढरी केसाळ फुले आली, जणू कुणी सालीवर कापूस चिकटवला आहे. पुढे काळी, द्राक्षाएवढी फळे धरली आणि माझ्या नातीने ती मोजून सत्तावीस असल्याचे जाहीर केले. चिठ्ठीत लिहिलेला एकही शब्द खोटा निघाला नाही. जे एक माणूस अर्ध्या कागदावर करू शकतो ते मोठ्या रोपवाटिकांना अवघड असण्याचे कारण नाही.

नावांचा गोंधळही याच चिठ्ठीने मिटेल. सीताफळ आणि रामफळ आपल्याला नीट माहीत आहेत. पण लक्ष्मणफळ, हनुमानफळ आणि मामफळ ही नावे विक्रेते वाटेल तशी वापरतात. काटेरी सालीचे मोठे आंबट-गोड फळ देणारे झाड (इंग्रजीत सोरसॉप, मी मामफळ म्हणतो ते) आणि थंड हवेत येणारे चेरिमोया ही दोन अगदी वेगळी झाडे असून दुसरे आपल्या उन्हाळ्यात नीट फळत नाही. शास्त्रीय नाव देवनागरीत लिहिले तरी पुरे आहे. मामफळाच्या बाबतीत तर आणखी एक गैरसमज पसरलेला आहे. त्याच्या पानांचा काढा कर्करोग बरा करतो, असे सांगून रोपे विकली जातात. माणसांवरील उपचारात असे काही सिद्ध झालेले नाही. उलट कॅरिबियन समुद्रातील ग्वाडेलूप बेटावर या कुळातील फळे आणि पानांचे काढे नेहमी घेणाऱ्यांमध्ये कंपवातासारखा विकार अधिक आढळल्याचे १९९९ मध्ये डॉक्टरांनी नोंदवले होते. पिकलेले फळ कधीमधी खाणे वेगळे आणि रोज पानांचा काढा घेणे वेगळे. तसेच कमरख, ज्याला आता सगळे स्टारफ्रूट म्हणतात, ते मूत्रपिंडाच्या विकाराच्या रुग्णांना गंभीर अपाय करू शकते. घरात असा रुग्ण असेल तर ही सूचना रोपासोबतच मिळायला हवी.

हौशी मंडळींनाही, म्हणजे माझ्यासारख्यांनाच, एक विनंती आहे. थायलंड, बाली किंवा मलेशियाला सहलीला गेलेले आपले लोक परतताना खिशातून, सामानातून बिया आणि काड्या आणतात. वनस्पती संगरोधाच्या (क्वारंटाइनच्या) २००३ च्या आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र असल्याशिवाय असे लागवडीचे साहित्य देशात आणता येत नाही, आणि या नियमामागे मोठे कारण आहे. मेक्सिको-मध्य अमेरिकेकडील पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरजवळ प्रथम दिसला आणि दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रातील पपईच्या बागाही त्याने पांढऱ्या केल्या. अखेर २०१० मध्ये त्याचा नैसर्गिक शत्रू असलेली एक बारीक गांधीलमाशी पोर्तो रिकोहून रीतसर आणून सोडावी लागली, तेव्हा तो आटोक्यात आला. एका पिशवीतील एक फांदी शिरोळ-हातकणंगल्यातील शेकडो शेतकऱ्यांचे नुकसान करू शकते. आणि टपालाने येणाऱ्या मँगोस्टीन-रामबुतानच्या वाळलेल्या बियांच्या पाकिटांवर तर पैसे घालूच नयेत. या बिया वाळल्या की मरतात, फळातून काढल्यावर थोड्याच दिवसांत ओल्या असतानाच त्या पेरल्या तरच रुजतात.

विदेशी झाडे लावूच नयेत, असे म्हणणारेही काही जाणकार आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. तरीही पेरू, पपई, अननस, काजू, सीताफळ आणि चिकू ही सगळी अमेरिका खंडातून आलेली फळे आहेत. चिकू तर घोलवडला १८९८ मध्ये लावला गेला आणि आज घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. राजर्षी शाहू महाराजांनीही आपल्या संस्थानात चहा आणि कॉफीच्या लागवडीचे प्रयोग करून पाहिले होते. नव्या झाडाचे स्वागत करण्याची या मातीची जुनी रीत आहे. त्याच वेळी आपली स्वतःची फळझाडे दुर्मीळ होत चालली आहेत, याकडे मात्र डोळेझाक होते. राधानगरी, आजरा, चंदगडकडच्या जंगलातील अळू (भाजीचा नव्हे, फळाचे झाड), तोरण आणि आंबगुळ यांची रोपे शहरातील रोपवाटिकांत विचारली तर विक्रेत्याला नावेही ठाऊक नसतात. खिरणी, जिला काही ठिकाणी रांजण म्हणतात, तिच्या खुंटावर चिकूची कलमे बांधली जातात, म्हणजे ती रोपे तयार होतातच. पण स्वतंत्र फळझाड म्हणून ती कुणी विकत नाही. माझ्या मते परसबागेत एक विदेशी झाड लावणाऱ्याने एक अळू किंवा एक खिरणी लावावी. ही दोन्ही झाडे आमच्याकडे फारसे पाणी न मागता वाढत आहेत.

आता मागणीकडे येतो. फळझाडांच्या रोपवाटिका आणि फळरोपांची विक्री यांचे नियमन करण्यासाठी आपल्या राज्यात १९६९ पासून कायदा आहे आणि त्यानुसार परवाना घ्यावा लागतो. आंबा, डाळिंब, संत्र्याच्या रोपांबाबत जी कसोशी अपेक्षित असते तीच मँगोस्टीन, रामबुतान, अव्हाकाडो, जाबुटिकाबा, मामफळ अशा नव्याने विकल्या जाणाऱ्या रोपांबाबतही पाळली जावी आणि विशेषतः पावसाळ्यात भरणाऱ्या प्रदर्शनांतील स्टॉलवर कृषी विभागाने तपासणी करावी, अशी माझी विनंती आहे. प्रदर्शनांच्या आयोजकांनी तर कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. स्टॉल देतानाच प्रत्येक रोपावर शास्त्रीय नाव, बियांपासून की कलम, खुंट, मूळ झाडाचे ठिकाण, कलमाची तारीख आणि फळाला लागणारी वर्षे लिहिण्याची अट त्यांना घालता येईल. विक्रेत्याचे नाव आणि परवाना क्रमांक असलेली पावती द्यावी, म्हणजे नऊ वर्षांनी प्रश्न विचारायला पत्ता तरी उरेल.

कोल्हापुरात कृषी महाविद्यालय आहे, शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आणि त्याचे वनस्पती उद्यान आहे. या संस्थांनी वर्षातून एक रविवार ठरवून लोकांनी आणलेल्या पानांवरून आणि डहाळ्यांवरून झाडे ओळखून दिली, तर कितीतरी घरांतील वर्षे वाचतील. उद्यानात या फळझाडांचे एकेक ओळखपक्के झाड लावून त्यावर पाटी लावली, तर हौशी माणसाला आपले पान तिथे नेऊन ताडून पाहता येईल. चेट्टळ्ळी आणि दापोलीहून खात्रीची कलमे मागवून ती इथे वाटप करण्याची सोय जिल्ह्याच्या कृषी विभागाला करता आली तर अधिकच चांगले.

माझे पिवळ्या फळांचे झाड मी तोडलेले नाही. त्याची फळे वाळवून पत्नी आमटीत आमसुलासारखी वापरते. त्याच्या सावलीत, केळीच्या जुन्या जागेवर, गेल्या वर्षी एका ओळखीच्या बागेतून स्वतः फळ आणून त्याच दिवशी पेरलेल्या मँगोस्टीनच्या दोन बिया रुजल्या असून त्यांना तांबूस पानांची पहिली जोडी आली आहे. त्यांच्या चिठ्ठ्या मी स्वतः लिहिल्या आहेत. येत्या जूनमध्ये प्रदर्शने भरतील, त्याआधी आपल्या दैनिकाने हा विषय संबंधितांपर्यंत पोहोचवावा, ही नम्र विनंती.

कळावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, कळंबा परिसर, कोल्हापूर